मळवलीला उतरण्याची पूर्वतयारी

माझा मेहुणा गेल्या वर्षी फ्लॉरेन्सला जाऊन आला. जाण्याआधी आठ महिने तो फ्लॉरेन्सलाच होता, देह तेवढा कोथरूडात. त्याने एक निळी फाइल केली होती, बेचाळीस पानांची. रोमहून कुठली गाडी, तिचा कितवा डबा, सांता मारिया नोव्हेला स्टेशनवर उतरलं की डावीकडे वळायचं की उजवीकडे, उफ्फिझी सोमवारी बंद म्हणून मंगळवार, मायकेलअँजेलोचा डेव्हिड सकाळी अगदी दार उघडताच, कारण त्या वेळी टूरवाले नाश्त्याला बसलेले असतात. मोठ्या चर्चच्या घुमटाला ४६३ पायऱ्या. त्यातल्या कितव्या पायरीवर बायकोला दम लागेल तेही पेन्सिलीने लिहिलेलं. कॉफी उभ्यानेच प्यायची, टेबलाशी बसलं की पैसे वाढतात, हे कलम लाल शाईत होतं.

आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, ‘दाजी, सगळं फाइलप्रमाणे झालं.’ आणि ती फाइल त्याने मला देऊन टाकली. ‘तुम्ही आणि ताई पण एकदा जाऊन याच.’

माझं पेन्शन कर्जतपर्यंत पोहोचतं. पण उभं आयुष्य फायलींत काढलेल्या माणसाच्या घरात एक कोरीकरकरीत फाइल निकाली न काढता पडून राहावी, हे मला सहन होईना. मी लोणावळ्यात राहतो. एकोणतीस वर्षं लोणावळा–शिवाजीनगर पास काढला. म्हणजे रोज दोनदा मळवली. मेहुण्याने हिशेब करून सांगितलं की सुट्ट्या-रजा वगळून मी सुमारे सोळा हजार वेळा मळवलीवरून गेलो आहे. त्यातल्या एकाही वेळी मी तिथे उतरलो नव्हतो. मळवलीच्या एका हाताला भाजे, दुसऱ्या हाताला कार्ले; दोन हजार वर्षांपूर्वीचं काम, जगभरातून माणसं येतात, आणि मी त्या वेळी पत्ते पिसत असे. तेव्हा ठरवलं, फाइल मळवलीला लावायची. एकाच स्टेशनचा प्रवास असला म्हणून काय झालं? खालील मार्गदर्शन दोन प्रयत्नांच्या अनुभवातून आलं आहे. त्यातला एक फसला.

सुरुवात नावापासून करावी. मेहुण्याच्या फाइलीचं पहिलंच पान सांगतं की इटलीत फ्लॉरेन्स शोधू नका, पाटीवर फिरेंझे लिहिलेलं असतं. इकडचा प्रकार त्याहून अवघड. इंग्रजी पुस्तकांत कार्ली, भाविकांच्या तोंडी कार्ला, मराठी ग्रंथांत कार्ले. यातलं काहीही म्हटलंत तरी रिक्षावाल्याला कळतं, तो फक्त ‘देवीला ना?’ एवढं विचारून घेतो. शिवाय लेणी ज्या डोंगरात आहेत त्याच्या पायथ्याचं गाव वेहेरगाव. कार्ले गाव अलीकडे, जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर. आणि ज्यांनी लेणी कोरली ते या जागेला वलुरक म्हणत. घरात कार्ला-भाजाचा बेत जाहीर केलात तर नातवंडं जेवायला नको म्हणतील. त्यांना कारल्याची भाजी ऐकू येते. आधी नीट समजावून सांगावं.

दुसरं, सामान. या भागात अगडबंब सामान घेऊन येणाऱ्याचं काय होतं याचा जुना दाखला आहे. १७७८ सरताना मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघाले. बरोबर बैल किती? १९ हजार, आणि यात खाजगी जनावरं धरलेली नाहीत. घाट चढून खंडाळ्याला आले, तिथून कार्ल्यापर्यंतच्या आठ मैलांना त्यांना अकरा दिवस लागले. सरळ हिशेब करा, दिवसाला पाऊण मैल. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या बाजारातून मोटारीही साधारण याच वेगाने जातात. त्यांचा शूर कॅप्टन स्ट्युअर्ट, ज्याला मराठ्यांनीच कौतुकाने इष्टुर फाकडा म्हटलं, तो कार्ल्याजवळ पडला. बाकीचे तळेगावला पोहोचले तर गाव जाळून ओस केलेला, दाणा नाही की वैरण नाही. मागे फिरले तोच मराठी फौजांनी घेरलं, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंद्यांपुढे तह करून परतीचा रस्ता धरावा लागला. यातून मी फाइलीत दोन कलमं घातली. एक, खांद्याला एकच पिशवी. दोन, पुढच्या मुक्कामी जेवण आहे का, हे निघायच्या आधी विचारावं.

आता गाडी. लोणावळेकराला निवड करायची नसते. पुण्याची लोकल, पहिलंच स्टेशन, दहाएक मिनिटं. पुणेकरांनी शिवाजीनगरहून बसावं आणि लोणावळ्याच्या एक स्टेशन आधी उतरावं. हे सोपं दिसतं, पण पुणेकराला लोणावळ्याच्या आधी उतरणं हा कमीपणा वाटतो. मुंबईकरांसाठी सकाळची इंद्रायणी. कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं जोडतात, तेवढ्या वेळात वडा घ्यावा. मळवलीला ती थांबत नाही, म्हणून लोणावळ्याला उतरून लोकलने एक स्टेशन पुढे यावं. गाडी बदलावी लागते म्हणून कुरकुर करू नये. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली तेव्हा घाटातला मार्ग तयारच नव्हता. तो १८६३ मध्ये झाला. मधली पाच वर्षं मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखीत बसून घाट चढायचा आणि वर येऊन दुसरी गाडी धरायचा. तुम्हाला फक्त फलाट बदलायचा आहे.

तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. फलाटावर उभं राहून काढायला गेलात तर ॲप ऐकत नाही. इटलीत म्हणे याच्या उलट. तिथे साध्या गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवावा लागतो, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड. मेहुण्याने शिक्का मारलेल्या तिकिटाची रंगीत झेरॉक्स काढून ठेवली आहे. आमच्या वेळच्या पुठ्ठ्याच्या तिकिटाला पंच केलेलं भोक असायचं, त्याची कुणी झेरॉक्स काढली नाही.

दुपारची गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यावी. सकाळच्या लोकल संपल्या की मध्ये मोठा खंड पडतो. या वेळात मळवलीच्या फलाटावर आलेला माणूस वेळापत्रकाकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, मग लोहगडाकडे बघत बसतो. वेळापत्रक बदलतं, म्हणून आकडे इथे देत नाही. जायच्या आदल्या रात्री बघा, सकाळी पुन्हा बघा.

आमचा पहिला प्रयत्न याच शिस्तीत सुरू झाला. सकाळची लोकल, डबा मोकळा. लोणावळ्याहून निघताना उजव्या खिडकीत लोहगड-विसापूर आणि डावीकडे कार्ल्याचा डोंगर, हे मला इतकं पाठ की मी बघितलंही नाही. फाइल काढली. पान अकरा, ‘उतरण्यापूर्वीची तपासणी’. पाणी? आहे. टोपी? आहे. चष्म्याची घरं दोन्ही? गुडघ्याचा पट्टा? ही एकेक वस्तू पिशवीतून काढून दाखवत होती, मी बरोबरची खूण करत होतो. दहावी खूण केली आणि ही म्हणाली, ‘अहो, मघाशी थांबली होती ते काय होतं?’

ती मळवली होती. आम्ही कामशेतला उतरलो.

अशा वेळी काय करावं, हे फाइलीत नव्हतं. तेव्हा ते मी इथे घालतो. कामशेतला चुकून उतरलात तर परतीच्या लोकलची वाट बघू नका. रिक्षा करा आणि पवनानगरच्या रस्त्याने बेडश्याला जा. तीन-चारशे पायऱ्या आहेत, पण वर दोन दगडांच्या मधून एका बोळात शिरावं लागतं आणि समोर एकदम चार उंच खांब येतात. पायाशी घट, वर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. त्यातल्या एका घोड्याचं तोंड इतकं ताजं आहे की त्याला चणे द्यावेसे वाटतात. हे लेणं पूर्वाभिमुख, म्हणजे बघायची वेळ सकाळचीच. आठ महिने तयारी करून जे साधलं नसतं ते चष्म्याच्या घरामुळे साधलं. आणखी कुणीच नव्हतं. हिने एका खांबाला पाठ टेकून डबा उघडला आणि म्हणाली, ‘नाहीतरी मळवलीला काय आहे?’

दुसरा प्रयत्न पुढच्या आठवड्यात. या खेपेस मी गाडी सुटल्यापासून दारातच उभा.

मळवलीला उतरल्यावर माणसाच्या मनात कार्ले आधी येतं. तसं करू नये. कार्ल्याचा चैत्य पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यात उजेड हवा तर दुपार कलल्यावर जायला हवं. लोकल मात्र सकाळी आणून सोडते. यावर उपाय म्हणजे सकाळी भाजे, मध्ये जेवण, मग कार्ले. लेणी तशी पाचच्या सुमाराला बंद होतात, म्हणून जेवण आटोपशीर ठेवावं. मेहुण्याने उफ्फिझीत बोत्तिचेल्लीपुढे किती मिनिटं, हे लिहून ठेवलं होतं. तितकं कडक मी सांगत नाही. फक्त जेवणानंतर आडवं होऊ नये.

भाज्याला जाताना एक्स्प्रेसवे ओलांडावा लागतो, वरून पूल आहे. पुलावर जरा थांबा. खालून शंभराच्या वेगाने जाणाऱ्यांना आपण वर आहोत हे ठाऊक नसतं, आणि डोंगरात काय आहे हेही. गाव ओलांडून पायऱ्या. तिकीट २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. पावसाळ्यात इथल्या धबधब्याखाली इतकी गर्दी असते की लेण्यापर्यंत जाणारे थोडेच. वाट मोकळी मिळते.

भाज्याचा चैत्य इसवीसनाच्या आधी दुसऱ्या शतकातला. त्याचे अष्टकोनी खांब आत कललेले आहेत. फ्लॉरेन्सला जाणारा प्रत्येक जण एक दिवस काढून पिसाला जातो, कललेला मनोरा हाताने धरून ठेवल्याचा फोटो काढतो. मेहुण्याचाही आहे, त्यात तो चुकून शेजारच्या बाईला धरून ठेवतोय असं दिसतं. तो मनोरा खालची जमीन खचली म्हणून कलला. भाज्याचे खांब कोरणाऱ्याने ठरवून कलते केले, कारण लाकडी मांडवाचे खांब वरचा भार पेलायला तसेच तिरके रोवतात आणि त्याला दगडात मांडवच घडवायचा होता. चूक नाही, हौस. पुढे दगडी स्तूपांचा एक घोळका आहे, चौदा स्तूप, काहींवर त्या काळच्या थेरांची नावं. आणि दक्षिणेच्या टोकाच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र. हत्तीच्या पायाशी खाली कोपऱ्यात बघायला विसरू नका. एक जण नाचतेय आणि एक बसून दोन हातांनी वाद्य वाजवतेय. ते तबल्याचं पूर्वरूप असल्याचं पुष्कळ जण मानतात. आमची ही शाळेत संगीत शिकवायची. ती त्या बाईच्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘डावा हात चुकतोय हिचा.’

जेवणाबद्दल फार सांगत नाही. भाकरी-पिठलं मिळतं, साधा भात घ्यायचा तर इंद्रायणी मागावा. तो तांदूळ इथूनच तीन स्टेशनांवर, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात जन्मला. भाज्याला भजी मिळतात, आणि हा विनोद तुमच्या आधी सगळ्यांनी केलेला आहे.

मग स्टेशन ओलांडून इंद्रायणीवरच्या पुलाने पलीकडे, कार्ल्याला. चालायचं तर तासभर, नाहीतर रिक्षा. वर चढताना दोन्ही बाजूंना नारळ, हिरव्या बांगड्या, खण, लिंबू सरबत, मीठ-तिखट लावलेली काकडी. वरून खाली येणारी माणसं कपाळाला मळवट भरलेली. चैत्याच्या अगदी दारात एकवीरेचं देऊळ आहे. कोळी, आगरी, कायस्थ प्रभू अशा कितीतरी घरांची ती कुलस्वामिनी. चैत्रात वसई-अलिबागपासून पालख्या निघतात. त्या दिवसांत ‘आई माउलीचा उदो उदो’ची आरोळी चैत्याच्या आत घुमून परत येते. रांगेतल्या माणसाला लेणं म्हणजे देवळाच्या शेजारची मोठी सावली वाटते. लेणं बघायला आलेल्याला देऊळ मध्ये आलं असं वाटतं. दोघांनीही आपापलं म्हणणं मनात ठेवावं. मी आधी रांग लावली. ही सोबत असताना दुसरा पर्याय नव्हता.

दाराशी सोळा बाजूंचा एकच मोठा खांब उभा आहे, माथ्यावर चार सिंह, महारठी अग्निमित्रणक नावाच्या सरदाराने दिलेला. त्याला वळसा घालून आत गेलं की पहिलं मिनिटभर काहीच दिसत नाही. घाई करू नका, मोबाइलचा उजेड पाडू नका. हळूहळू दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब उमटू लागतात, प्रत्येकाच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली. सुमारे सव्वाशे फूट लांब, पंचेचाळीस फूट उंच. भारतात कोरलेल्या चैत्यांत सगळ्यात मोठा. मान वर करा. छताला लाकडी कमानी आहेत, मूळच्या, दोन हजार वर्षांच्या. त्यांनी काहीही धरून ठेवलेलं नाही. डोंगर स्वतःच्या बळावर उभा आहे. इतकी वर्षं वर राहून भार न उचलणारी मंडळी मी कचेरीत पाहिली होती, पण त्यांच्यापैकी एकही इतकी देखणी नव्हती.

खर्च कुणी केला, हे फ्लॉरेन्समध्ये सांगावं लागत नाही. पेढीवाल्या मेदिची घराण्याचं नाव तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. इथेही सावकारच. वैजयंतीचा, म्हणजे कानडी मुलखातल्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी. त्याने ओसरीत कोरून ठेवलं आहे की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. मेदिचींच्या हजाराहून जास्त वर्षं आधी, आणि त्यांच्याहून थोडक्या शब्दांत. खांबांवर इतर दात्यांची नावं आहेत. त्यांतले कित्येक धेनुकाकटचे, आणि काही चक्क स्वतःला यवन म्हणवणारे, परदेशी. एक आख्खा खांब दान दिला तेव्हा त्यांना एक ओळ कोरायला मिळाली. अलीकडे शेजारच्या विहारात किल्लीने कोरलेलं एक बदाम आणि दोन अक्षरं दिसली. त्यांनी काय दान दिलं ते कळत नाही.

इथे मला उलट दिशेने गेलेला एक पाहुणा आठवला. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेहून परत येताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम विशीचं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि १८७४ मध्ये तिथे छत्री उभारली; आत फेटा बांधलेला अर्धपुतळा. जवळच्या पुलाला लोक ‘इंडियानो’चा पूल म्हणतात. मी तिथूनच मेहुण्याला फोन लावला, राजारामांची छत्री बघितलीस का रे? तो गप्प. मग म्हणाला, ‘कुठल्या पानावर होती?’

आणखी एक सूचना प्रकृतीची. स्टेंढाल नावाच्या फ्रेंच लेखकाला १८१७ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये इतकी कला बघून छातीत धडधडायला लागलं, चालताना पडेन असं वाटलं. पुढे तिथल्या डॉक्टरांनी या प्रकाराला त्याचं नावच देऊन टाकलं. कार्ल्याला तुम्हाला असं काही झालं तर आधी सकाळपासून पाणी किती प्यालात ते आठवा. मला साडेतीनच्या पुढे झालं. दारावरच्या घोड्याच्या नालासारख्या मोठ्या खिडकीतून उन्हं आत सरकली, खांबांच्या पायातले घट उजळले, आणि उजेड सरकत सरकत स्तूपाकडे निघाला. पाणी भरपूर प्यालो होतो. हीसुद्धा काही बोलली नाही, तेव्हा दोघांनाही झालं असावं.

परतीला लोकलच्या आधी पंधरा मिनिटं मळवलीला पोहोचलो. फाइलीप्रमाणे. फलाटावर एक तरुण पाठीला पिशवी लावून भांबावून उभा होता. विचारलं, काका, लेणी कुठल्या बाजूला? एकोणतीस वर्षं वाट बघितलेला प्रश्न होता तो. मी त्याला बसवलं. आधी नावाचा गोंधळ समजावला, मग १९ हजार बैल, मग चैत्याचं तोंड पश्चिमेला का लक्षात ठेवायचं ते, त्यासाठी आज उशीर झाला असून उद्या सकाळी भाज्यापासून सुरुवात कशी करायची ते. तो मान डोलवत होता. ही मध्येच माझी बाही ओढत होती, मला वाटलं तिलाही काही भर घालायची आहे.

लोकल शिट्टी देऊन निघून गेली तेव्हा मी अग्निमित्रणकापाशी होतो.

पुढच्या गाडीला अवकाश होता. ‘पर्यायी व्यवस्था’ हे पान आहे का, म्हणून हिने फाइल उघडली. होतं, पण त्यावर रोमला जाणाऱ्या गाड्या होत्या. तिने ते पान काढलं, त्याचा नीट द्रोण केला आणि करवंदवाल्या मावशींपुढे धरला.